नंबर काढा

आमच्या ताईला सगळा रस्ता मास्तर म्हणतो. बाईमाणसाला मास्तर म्हटलेलं ऐकून नवखा माणूस दचकतो, पण त्यात नवल काही नाही. शिवणाचं दुकान भाऊजींचं. कापायचे ते, शिवायची ही. भाऊजी गेले, आणि काही दिवसांनी हिनं दुकानाचं शटर वर केलं, तर पहिलंच गिऱ्हाईक सवयीनं म्हणालं, "मास्तर, बाही जरा सैल ठेवा." ही "बरं" म्हणाली आणि टेप गळ्यात अडकवली. झालं, तेव्हापासून ही मास्तर. मी तिची धाकटी बहीण. मी ताई म्हणते, आणि डोकं फिरलं की नुसतंच "ए बाई".

मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करून रिटायर झाले. जीभ तेवढी रिटायर व्हायची राहिली, असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आमची घरं समोरासमोर. तिच्याकडे पुढे दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. दुकानात खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं टेबल आणि फळीवर बटणांच्या बरण्या. बरणी हलवली की नुसत्या आवाजावरून ती सांगते, ही कोटाची, ही शर्टाची, ही झबल्याची. आता तर आवाजावरूनच सांगावं लागतं.

काचबिंदू हा मोठा लबाड रोग. समोरचं दिसू देतो आणि बाजूचं गुपचूप उचलून नेतो. ताईला पहिल्यांदा कळलं ते कात्रीमुळे. टेबलाच्या उजव्या कडेला कात्री ठेवायची तिची जागा ठरलेली. हात नेला की कात्री लागायची, पण नजरेला दिसायची नाही. "कोण हलवतं गं माझी कात्री?" म्हणून माझ्यावर खेकसायची. मी कशाला हलवू? मला बटण लावता येत नाही, कात्री घेऊन मी काय करणार? महिनोन् महिने आम्ही कात्रीवरून भांडलो. डॉक्टरनं तपासलं तोवर निम्मं दुकान तिच्या नजरेतून गेलेलं होतं.

पुढे सुई ओवेना, मग टीप वाकडी जाऊ लागली, मग गिऱ्हाइकाचा चेहरा गेला. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. सकाळी मशीनशी बसली की म्हणते, "आज ऊन आहे," आणि असतं. तेवढा उजेड तिचा स्वतःचा उरलाय. तो राखायला रोज थेंब घालायचे आणि ठरल्या वेळी हॉस्पिटलात जाऊन डोळ्यातला दाब मोजून घ्यायचा. दाब वाढला की उजेड जातो, आणि गेलेला परत येत नाही, हे डॉक्टरनं स्वच्छ सांगितलेलं.

तरी बाई बसून राहिली नाही. पलीकडच्या गल्लीतला टेलर शर्ट पाठवतो आणि ही चाचपून काजं करते, बटणं लावते. सुया मी ओवून उशीला टोचून ठेवते. तिच्या डाव्या बोटाचं टोक सुया खाऊन खाऊन इतकं टणक झालंय की गरम कपसुद्धा त्या बोटाला लागत नाही.

सगळं असंच चाललं असतं, पण हॉस्पिटलनं नंबर देणारी खिडकी बंद केली. पूर्वी आदल्या दिवशी जाऊन नंबर घ्यायचा, तो आता म्हणे फोनवर घ्यायचा. ॲप काढलं त्यांनी. मुलानं, म्हणजे ताईच्या लेकानं, ते तिच्या फोनवर घालून दिलं. पण खातं चालवणारा म्हणून नाव त्याचं, त्यामुळे नंबर घेताना येणारा गुप्त कोड जायचा त्याच्या फोनवर. तो दुसऱ्या गावात, मोठ्या नोकरीत. मी इकडे चष्मा सावरत ॲप उघडणार, त्याला फोन लावणार, तो मीटिंगमध्ये, आणि तो मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत कोड शिळा. शिळ्या कोडानं काही होत नाही. असं एकदा झालं, दोनदा झालं, आणि तपासणी इतकी पुढे गेली की दाब वाढला. खिडकीच्या डाव्या अंगाचा उजेड गेला. ताई एवढंच म्हणाली, "चिमणे, खिडकी अरुंद झाली गं." मला चिमणी ती लहानपणापासून म्हणते. आता मी दारातून आडवी जाते, तरी चिमणीच.

लेक धावत आला. तो वाईट नाही हो, उगाच त्याला नावं ठेवू नका. घाबरला होता. जेवताना एकदम म्हणाला, "आई, तुला एक बटण दाबता येत नाही. एकटी कशी राहणार तू?"

ताईनं घास खाली ठेवला.

"मावशी तरी किती पुरणार?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" पण त्याचं खरं होतं.

शेवटी त्यानं शब्द दिला आणि घेतला. पुढच्या सुट्टीत तो येईल तेव्हा आईनं आपला नंबर आपण घेऊन दाखवायचा. जमलं, तर हा विषय तो पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर मशीन विकायचं, घर बंद करायचं आणि आईनं त्याच्याकडे राहायला जायचं, त्याच्या उंच बिल्डिंगीतल्या फ्लॅटमध्ये. भांडी घासताना ताई मला हळूच म्हणाली, "तिथे नळ कुठे, ते मला माहीत नाही. माझी कात्री कुठे ठेवू मी तिथे?" आणि मग हसली, "आणि काय म्हणाला, बटण दाबता येत नाही! अगं, याच्या बापाच्या दुकानात जितकी बटणं मी लावली तितके याच्या डोक्यावर केस नाहीत." ते खरंच नव्हते, त्याला टक्कल पडलेलं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आपला कोट घेऊन दुकानात आल्या तेव्हा मी हे सगळं त्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आमच्याकडे या. सुट्टीच्या दुपारी आम्ही हेच करतो."

"वाचनालयात माझं काय काम? तिथे वाचतात."

"आमच्याकडे आता ऐकतातसुद्धा," बाई म्हणाल्या.

झालं होतं असं की अंध मंडळींची एक संस्था, वाचनालय आणि हॉस्पिटल असे तिघे एकत्र आले होते. हॉस्पिटलचं ॲप ज्या कंपनीनं बनवलं, तिनंही आपल्याकडची एक मुलगी मदतीला द्यायचं कबूल केलं होतं. काम असं की हे ॲप न बघता वापरता आलं पाहिजे. पगार कुणाला नाही, चहा मात्र सगळ्यांना. मी ताईला हाताला धरून घेऊन गेले. खरं म्हणजे ओढून नेलं.

वाचनालयातलं लांब टेबल रिकामं केलं होतं, वर्तमानपत्रं अडकवायच्या काठ्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या. टेबलाच्या टोकाला एक गृहस्थ ताठ बसले होते. आमची पावलं ऐकून म्हणाले, "हॅलो, कोण बोलतंय?" हे जन्मापासून अंध. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटर म्हणतात. तेही कुणी आलं की हॅलो म्हणतात.

ऑपरेटरांनी ताईच्या फोनवर बोलणारा आवाज चालू करून दिला. "बोट फिरवलं की तो सांगतो खाली काय आहे. पाहिजे ते आलं की दोनदा टकटक करायचं. दार वाजवल्यासारखं. मग ते काम तो करतो."

ताईचं डावं बोट फोनला कळेना, इतकं ते टणक. उजव्या बोटानं जमलं. तिनं हॉस्पिटलचं ॲप उघडलं आणि बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटण." पुढे सरकवलं. "बटण." आणखी पुढे. "बटण. बटण. बटण."

ताईनं बोट उचललं. "इतकी बटणं आणि एकालाही काज नाही? कोणी शिवलंय हे?"

शिवणारी समोरच बसली होती, कंपनीची मुलगी. ती गोरीमोरी झाली. म्हणाली, "प्रत्येकावर चित्र आहे हो. घड्याळाचं, माणसाचं, कचऱ्याच्या डब्याचं. दिसतं ना, म्हणून नाव घालायचं राहूनच गेलं." ताईनं तिच्या आवाजाच्या दिशेनं हात केला आणि म्हणाली, "असू दे. घाईत माझंही बटण उलट्या अंगाला लागलंय. उसवायचं आणि परत लावायचं."

तेव्हापासून त्या दुपारच्या कामाचं नावच पडलं, बटणं लावणं. डोळस मंडळींनी एकेक पान वाटून घ्यायचं आणि त्यावरच्या प्रत्येक बटणाला साध्या मराठीत नाव लिहायचं. अंध मंडळींनी बोट फिरवून ऐकायचं आणि कुठे अडलं ते सांगायचं. नवा नंबर घ्यायचं पान ग्रंथपाल बाईंकडे आलं. घेतलेले नंबर जिथे दिसतात ते पान आलं कॅशियरकाकांकडे. हे बँकेतून रिटायर झालेले, अक्षर सुंदर, बोलणं कमी. मी काय केलं? मी चहा गाळला आणि सगळ्यांना सल्ले दिले.

पहिल्या पहिल्यांदा गंमतच झाली. एकानं बटणाला नाव दिलं, "हिरवं गोल." ऑपरेटर म्हणाले, "छान. हिरवं म्हणजे काय, ते कोण सांगणार मला?" दुसऱ्यानं लिहिलं, "पुढील टप्प्याकडे मार्गस्थ व्हा." ताई म्हणाली, "एवढं बोलेपर्यंत माझा स्टॉप जाईल." पण हळूहळू बसत गेलं. ताई घरीसुद्धा सराव करायची. शर्टाला बटणं लावता लावता मधेच फोन घ्यायची, बोट फिरवायची आणि मान डोलवायची. तिच्या चेहऱ्यावर जुनी ऐट परत आली. भारी कापड आणि हातात धारदार कात्री असली की जी असायची ती.

लेक सुट्टीला आला. आल्या आल्या खुर्ची ओढून बसला, "दाखव."

ताईनं फोन हातात घेतला. मला बजावलं होतं की हूं की चूं करायचं नाही, म्हणून मी पदर तोंडाला लावून बसले. बोट फिरलं. फोन म्हणाला, "नेत्र विभाग." टकटक. "बुधवार, सकाळ." टकटक. "नंबर काढा. बटण." टकटक. लेकाच्या फोनवर कोड आला, तो त्यानं वाचला, ताईनं आकडे दाबले, आणि फोन म्हणाला, "झालं."

"झालं?" लेकानं विचारलं.

"तो म्हणाला ना झालं. बहिरा आहेस का?" माझ्याच्यानं राहवलं नाही.

लेक हसला. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मानलं बुवा." मग तो केस कापायला गेला. उरलेसुरले. मीही घरी गेले. ताई एकटीच राहिली, आणि पोरीसारखा आनंद झाला होता तिला. काढलेला नंबर पुन्हा एकदा ऐकावा म्हणून तिनं दुसरं पान उघडलं. फोन म्हणाला, "बुधवार, सकाळ, नेत्र विभाग." तिला बरं वाटलं. तिनं बोट पुढे सरकवलं. फोन म्हणाला, "नंबर काढा. बटण."

ताई चपापली. म्हणजे काढायचा राहिलाय की काय? तिनं टकटक केलं. फोननं विचारलं, "नक्की काढायचा?"

"म्हणजे काय, काढायचाच!" असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा, आणि 'हो' या बटणावर टकटक केलं. फोन म्हणाला, "झालं."

बुधवारी आम्ही तिघं हॉस्पिटलात. ताईनं इस्त्रीचे कपडे घातलेले. काउंटरवरच्या बाईनं तिचं नाव टाकलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचा नंबर नाहीये."

"नाही कसा? मी स्वतः काढलाय."

"हो, काढलेलाच दिसतोय."

"मग?"

"मग काय? काढलाय, म्हणून तर नाहीये."

"अहो, काढलाय तर असायला नको का?" मी मधे पडले.

"काढल्यावर कसा असेल?" ती म्हणाली. मागची रांग हसायला लागली. लेकानं पडद्यावर डोकावून बघितलं तेव्हा त्याला उलगडा झाला. एकदा घेतलेला नंबर मागाहून काढून टाकलेला होता.

आम्ही घरी परतलो. दारात आल्यावर लेक अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, पुरे आता." तो ओरडला असता तर परवडलं असतं. ओरडणाऱ्याला ताई पुरून उरते. मऊ बोलण्यापुढे तिचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात रिकामी खोकी येऊन पडली, आणि मशीन बघायला एक माणूस येणार असं लेकानं सांगितलं. ताई मशीनशी बसून होती. एक बरणी मांडीवर घेऊन तिच्यातली बटणं नुसती खालीवर करत होती. मी तिची समजूत काढायला गेले आणि मलाच रडू फुटलं.

"रडू नको," ती म्हणाली. "मला एक कळू दे. चूक माझी की फोनची? माझी असेल, तर मी खोकी भरते. तक्रार नाही करणार. पण कळल्याशिवाय नाही." मग लेकाला हाक मारली, "चल माझ्याबरोबर वाचनालयात. तूही ये."

ताईनं निरोप धाडला होता, त्यामुळे त्या दुपारी लांब टेबलाशी सगळे जमले होते. ताईनं काही सांगितलं नाही. फोन मधे ठेवला, पहिलं पान उघडलं आणि बोट फिरवलं. फोन म्हणाला, "नंबर काढा." मग दुसरं पान उघडलं. फोन म्हणाला, "नंबर काढा."

मग ऑपरेटर हळूच म्हणाले, "क्रॉस कनेक्शन."

ग्रंथपाल बाईंनी कॅशियरकाकांकडे बघितलं. "काका, तुम्ही नंबर काढा लिहिलंत?"

"मग काय लिहू? नंबर काढून टाकायचं बटण आहे ते. कचऱ्याचा डबा आहे त्याच्यावर."

"अहो पण माझं बटण नंबर काढायचं आहे!"

"माझंही काढायचंच आहे."

"तिकीट काढतो तसं हो, काका!"

"आणि मी काटा काढतो तसं म्हणतोय, बाई!"

दोघंही बरोबर. आणि दोघांची पानं शेजारी ठेवून वाचायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. कंपनीच्या मुलीनं जसं आलं तसं घालून टाकलं होतं, आणि डोळसांना चित्र दिसत होतं, त्यामुळे त्यांचं काही अडलंच नव्हतं. मग कॅशियरकाका एकदम हसायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "अहो, आमच्या बँकेत लोक येऊन म्हणायचे, खातं काढायचंय. म्हणजे उघडायचं! आणि पैसे काढायचेत म्हणजे न्यायचे. जन्मभर हे ऐकून मीच फसलो."

"मला तर वाटलं, हॉस्पिटल आहे, डॉक्टर काढा पाजणार," ऑपरेटर म्हणाले.

ताई मात्र हसत नव्हती. तिनं टेबलावर तळहात ठेवले होते. म्हणाली, "आमच्या धंद्यात कापडावर फूल काढतात. आणि तेच फूल बिघडलं, तर त्याचे टाके काढतात. एकाच तोंडानं दोन्ही. पण गिऱ्हाईक समोर उभं असतं, कापड हातात असतं, म्हणून घोळ होत नाही. फोनच्या हातात कापड नाही. त्याला वेगळा शब्द द्या." मग म्हणाली, "आणि चूक माझी नव्हती."

शेवटचं वाक्य तिनं टेबलाला सांगितलं नाही. तोंड लेकाच्या बाजूला केलं होतं. तो पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा होता, आणि हे ऐकून त्यानं मान खाली घातली.

मुलीनं तिथल्या तिथे हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन लावला, कारण बदल करायला त्यांचा होकार लागतो. नंबर घ्या आणि नंबर रद्द करा, असे दोन शब्द ठरले. ऑपरेटरांनी फर्मान काढलं की काढा हा शब्द यापुढे एकाही बटणावर दिसता कामा नये, आणि मग आपणच म्हणाले, "बघा, फर्मानसुद्धा काढावंच लागतं." होकार दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि मुलीनं लगेच बटणांची नावं बदलली. लेकाच्या सुट्टीचा तो शेवटचा दिवस होता. मशीन बघायला आलेल्या माणसाला मी दारातूनच सांगितलं की मशीन आजारी आहे, नंतर या.

पुन्हा तीच खुर्ची, तोच फोन. फरक एवढाच की आता आजूबाजूला खोकी होती. लेकानं आपला फोन हातात धरून ठेवला होता, कोड वाचायला. ताई म्हणाली, "नंबर नंतर. आधी दुसरं काम आहे."

तिनं कुठलंसं वेगळंच पान उघडलं. फोन म्हणाला, "खातं चालवणारी व्यक्ती," आणि लेकाचं नाव वाचलं. लेक पुढे वाकला. "आई, हे कशाला?"

"कोड माझ्या फोनवर यायला पाहिजे. तू मीटिंगमध्ये असतोस."

"मी नाव ठेवलंय ते काळजीपोटी ना गं."

"काळजी कर की. कोण नको म्हणतंय? अडीअडचणीला बोलवायच्या माणसात तुझं नाव आहेच, ते मी ऐकलंय. पण माझं खातं मी चालवणार. तुझं नाव माझ्या तोंडात आहे दिवसभर, फोनात कशाला?"

शेवटचा एक कोड त्याच्या फोनवर आला आणि तो त्यानं वाचून दाखवला. ताईनं आपला फोन नंबर घातला. फोननं विचारलं, जुनं नाव रद्द करायचं का. तिनं टकटक केलं. मग मागे आली, नेत्र विभाग, गुरुवार, सकाळ, नंबर घ्या. या खेपेला कोड तिच्याच फोननं तिच्याच कानात सांगितला. आकडे दाबले. झालं. आणि मग, देवा रे, पुन्हा ते घोळ झालेलं दुसरं पान उघडलं. मी पदर पुन्हा तोंडाला लावला. फोन म्हणाला, "गुरुवार, सकाळ, नेत्र विभाग." बोट पुढे सरकलं. "नंबर रद्द करा. बटण." इस्त्रीचा चटका बसावा तसं तिनं बोट उचललं आणि फोनला म्हणाली, "नाही करत, जा!"

तेवढ्यात लेकाच्या फोनवर टुंग वाजलं. त्यानं मेसेज उघडला आणि बघत राहिला. सगळ्यांनी बटणांची नावं बदलली होती, पण येणाऱ्या मेसेजांकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं, "आपले नाव काढले आहे."

त्यानं फोन खिशात ठेवला. डोळे पुसले, अगदी उघडउघड, कारण आईला दिसणार नव्हतं. पण तिला ऐकू गेलं. तिनं हात पुढे केला, तो त्यानं दोन्ही हातांत धरला. तेच टणक बोट.

"आई," तो म्हणाला, "नाव काढलंस."

"काढलं की," ताई म्हणाली. "मघाशीच. तुला मेसेज नाही आला?"